मऊ फोमच्या सर्फबोर्डची डागडुजी: आधी पाणी बाहेर, मग गोंद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ फुटी मऊ बोर्ड, दोन हंगाम वापरलेला. पुढच्या टोकाजवळ डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या, उभं राहायच्या बाजूला, नाण्याएवढा खड्डा पडलाय आणि आत पांढरे मणी दिसतात. उजव्या कडेला, जिथे वरचा फोम आणि खालचं गुळगुळीत प्लास्टिक एकत्र येतं, तिथला सांधा चारेक इंच उकललाय. शेपटीकडे तळहाताएवढा फुगवटा आलाय. दाबला की बसतो आणि हात काढला की पुन्हा वर येतो. बोर्ड पूर्वीपेक्षा जड वाटतो. एका मित्राने फायबरग्लास बोर्डांचं दुरुस्तीचं किट दिलंय. ते वापरू का, की सुपरग्लूने भागेल, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको. किट मित्राला परत करा आणि सुपरग्लू घरातल्या तुटक्या कपांसाठी ठेवा. तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलेली गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: बोर्ड जड झालाय. म्हणजे आत पाणी आहे. ते पाणी बाहेर येईपर्यंत कुठलाही गोंद, कुठलंही ठिगळ लावू नका. ओल्या बोर्डवर केलेली दुरुस्ती वरून छान दिसते, पण आतलं पाणी तिने कायमचं कोंडलं जातं. माझ्याकडे आलेल्या मऊ बोर्डांपैकी जे वाचवता आले नाहीत, त्यातले बहुतेक मूळच्या जखमेने गेले नव्हते; घाईने बुजवलेल्या जखमेने गेले होते.

आधी आत काय आहे ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप पटेल. बोर्ड एकसंध दिसत असला तरी तो तीन-चार वेगळ्या वस्तूंचा बनलेला असतो. पोटात बहुतेक वेळा थर्मोकोल असतो, म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन. नव्या वस्तू ज्यात गुंडाळून येतात तोच, फक्त जास्त घट्ट दाबलेला. त्यातून लांबीच्या दिशेने लाकडाच्या एक ते तीन पट्ट्या जातात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. वरच्या डेकवर आणि कडांवर साधारण ४ ते ६ मिलिमीटर जाडीची पॉलिइथिलीन फोमची कातडी असते. खाली घट्ट, गुळगुळीत एचडीपीई प्लास्टिकचा (तेही पॉलिइथिलीनच) पातळ पत्रा. काही महागड्या बोर्डांत कातडीच्या खाली फायबरग्लासचा एक थरही असतो. खड्ड्यात पांढऱ्या मण्यांच्या आधी जाळीदार, कडक थर दिसला तर तुमचा बोर्ड त्या जातीचा. तुम्हाला थेट मणी दिसतायत, म्हणजे साधी रचना आहे.

सगळी गोम या दोन पदार्थांत आहे. पॉलिइथिलीनला जवळपास कुठलाच गोंद मनापासून धरत नाही. गोंदाच्या बाटल्या आणि त्यांची टोपणं बऱ्याचदा पॉलिइथिलीनची असतात, ती याच कारणाने. थर्मोकोलचं नेमकं उलटं: बरेचसे गोंद त्याला खाऊन टाकतात. पॉलिएस्टर रेझिनमध्ये स्टायरीन असतं आणि स्टायरीन पॉलिस्टायरीनला विरघळवतं. तुमच्या मित्राच्या किटमध्ये पॉलिएस्टर असण्याची शक्यता मोठी आहे, कारण नेहमीचे फायबरग्लास बोर्ड त्यानेच बनतात. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका मऊ बोर्डच्या अंगठ्याएवढ्या भोकात ते ओतलं होतं. पाच मिनिटांत रेझिन खाली गेलं, म्हणून आणखी ओतलं, तेही गेलं. दुसऱ्या दिवशी भोक कापून पाहिलं तेव्हा आत मूठ जाईल एवढी पोकळी झाली होती आणि तिच्या तळाशी कडक पिवळा गोळा बसला होता. तो बोर्ड दुसऱ्याचा होता. त्या दिवसापासून मी कुठलंही रसायन आधी थर्मोकोलच्या तुकड्यावर लावून रात्रभर ठेवल्याशिवाय बोर्डजवळ नेत नाही. तुम्हीही हीच सवय लावून घ्या. तुकड्याला खळगा पडला, कडा आक्रसल्या किंवा लावल्यावर बारीक चरचर ऐकू आली, तर ते रसायन बाद.

या यादीत गोंदाखेरीज इतर वस्तूही येतात. ॲसिटोन, थिनर आणि पेट्रोल तर आहेतच. पण पाय घसरू नये म्हणून डेकवर घासतात ते वॅक्स काढायला जो संत्र्याच्या वासाचा क्लीनर मिळतो, तोही थर्मोकोल विरघळवतो. त्याचं लेबल सौम्य, नैसर्गिक वगैरे असतं म्हणून माणूस बिनधास्त वापरतो. धड कातडीवर तो चालतो, उघड्या जखमेजवळ अजिबात नाही. नेहमीचा सुपरग्लू थर्मोकोल कुरतडतो, आणि सुकला की काचेसारखा कडक होतो. कातडी वाकते, तो वाकत नाही, आणि पहिल्याच दिवशी कडेने उकलतो. छोटी विमानं बनवणारे एरोमॉडेलवाले वापरतात तो फोमला न खाणारा सुपरग्लू वेगळा असतो, पण कडकपणाची अडचण त्यालाही आहेच.

आता पाणी. थर्मोकोलचा प्रत्येक मणी स्वतः पाणी पीत नाही. पण मण्यांच्या मधल्या फटी पाणी ओढून घेतात आणि सहज सोडत नाहीत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, समुद्राचं असेल तर थोडं जास्तच. आठ फुटी मऊ बोर्ड कोरडा असताना साधारण ५ ते ८ किलोंचा असतो. त्यामुळे दीड-दोन किलो पाणी आत गेलं तरी उचलताना लगेच जाणवतं, आणि लाटेवर त्याहून जास्त: बोर्ड वळायला आळशी होतो, टोक खाली दबतं.

सुकवण्यासाठी आधी जखमेभोवतीचा भाग गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे खाऱ्या कडा कधीच नीट सुकत नाहीत. पण नळाची धार जखमेत सोडू नका. मीठ धुवायच्या नादात आणखी पाणी आत जाईल. मग बोर्ड अशा तऱ्हेने ठेवा की जखम सगळ्यात खाली येईल. तुमच्या बाबतीत दोन जखमा आहेत. कडेचा सांधा खाली येईल असा बोर्ड आडवा, कडेवर उभा करून भिंतीला टेकवा आणि सांध्याखाली दोन ठोकळे ठेवा म्हणजे तोंड मोकळं राहील. दोन दिवसांनी टोक खाली करून उभा करा. तोंडाशी टिश्यू पेपरची सुरळी हलकेच खोचून ठेवा. ती पाणी ओढते, आणि सकाळ-संध्याकाळ बदलताना किती ओली झाली त्यावरून अंदाजही येतो. पंख्याची हवा चालेल. ऊन चालणार नाही, हेअर ड्रायर किंवा हीट गन तर मुळीच नाही. थर्मोकोल साधारण ८० अंशांच्या पुढे आक्रसायला लागतो आणि हीट गनचं तोंड त्याच्या कितीतरी वर असतं.

किती दिवस? हे मी कॅलेंडरवर नाही, वजनकाट्यावर ठरवतो. आधी स्वतः काट्यावर उभे राहा, मग बोर्ड घेऊन उभे राहा, फरक लिहून ठेवा. रोज एकाच वेळी. सुरुवातीला वजन भराभर उतरतं, मग रेंगाळतं. सलग तीन-चार दिवस आकडा हलला नाही की समजा निघायचं तेवढं निघालं. कधी आठवडा लागतो, कधी तीन. एवढा धीर धरवत नाही हे मला कळतं. लाटा चांगल्या असल्या की मलाही धरवत नाही. पण ओल्यावर दुरुस्ती करून गमावलेला बोर्ड मी पाहिलाय आणि तीन आठवडे थांबून पुढे चार वर्षं चाललेलाही पाहिलाय.

बोर्ड सुकत असताना बाकीच्या गळत्या शोधा, कारण दिसणाऱ्या जखमेइतकंच पाणी न दिसणाऱ्या फटीतून जातं. पहाटे बोर्ड गार असतो तेव्हा कडेचा सगळा सांधा, लीशच्या (बोर्ड पायाला बांधायच्या दोरीच्या) खाचेभोवती आणि फिनच्या (शेपटीखालच्या परांच्या) स्क्रूंभोवती साबणाचं पाणी ब्रशने लावा. मग बोर्ड दहा मिनिटं कोवळ्या उन्हात ठेवा. आतली हवा तापून फुगते आणि जिथे फट असेल तिथे बारीक बुडबुडे येतात. तिथे पेन्सिलने खूण करा. उघड्या जखमांमधून हवा निसटू नये म्हणून तेवढ्यापुरती त्यांच्यावर टेप लावा आणि लगेच काढा. पंपाने हवा भरून ही परीक्षा करू नका. दाबाने कातडी सुटते.

बोर्ड सुकला असं धरून पुढे जातो. गोंदाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पोटासाठी एक आणि कातडीसाठी दुसरा. एकच बाटली दोन्हीकडे चालत नाही.

पोटासाठी इपॉक्सी किंवा फेसाळणारा पॉलियुरेथेन गोंद. दोन्ही थर्मोकोलला खात नाहीत. इपॉक्सीमध्ये रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण बाटलीवर लिहिलंय तेच ठेवा, डोळ्यांनी नाही, मोजून. जास्त हार्डनर घातला तर लवकर सुकेल हा समज चुकीचा. तो भाग कायम चिकट राहतो. आणि एका वेळी थोडंच कालवा, खोल भोकात एकदम ओतू नका. इपॉक्सी सुकताना तापते, आणि जाड थर इतका तापतो की शेजारचा थर्मोकोल वितळतो. म्हणजे पॉलिएस्टर टाळलं आणि पोकळी तरीही झालीच. पॉलियुरेथेन गोंद ओलाव्याने सुकतो आणि सुकताना तीनेक पट फुगतो, त्यामुळे भरपूर भरायचा मोह आवरा. पृष्ठभागावर पाण्याचा नुसता शिडकावा पुरे; जास्त पाणी झालं तर नुसता फेस होतो, ताकद राहत नाही. हातमोजे घाला, कारण हाताच्या कातडीवर पडलेला डाग आठवडाभर जात नाही, आणि खिडक्या उघड्या ठेवा.

डब्यातला स्प्रे फोम, जो दाराखिडक्यांच्या फटींत मारतात, तो मात्र नको. त्याच्या फुगण्याला आवर नसतो. नाण्याएवढ्या भोकातून आत मारला तर रात्रीत डेकवर टेंगूळ येतं.

कातडीसाठी लवचीक काहीतरी हवं. मी बहुतेक वेळा एमएस पॉलिमर सीलंट वापरतो. त्यात सहसा थिनर नसतो, तो रबरासारखा वाकतो, पाण्यात टिकतो. तो हवेतल्या ओलाव्याने सुकतो, दिवसाला साधारण २ ते ३ मिलिमीटर, म्हणून जाड थर एकदम देऊ नका. थिनरवाला कॉन्टॅक्ट गोंद फोमच्या तुकड्याला फोमचा तुकडा जोडायला उत्तम, पण थर्मोकोल पूर्ण झाकलेला असेल तरच. बाथरूममध्ये वापरतात ते सिलिकोन कृपा करून लावू नका. पॉलिइथिलीनला ते धड चिकटत नाही, आणि एकदा लावलं की त्याचा तेलकट थर मागे राहतो, ज्यावर पुढे दुसरं काहीच बसत नाही. सिलिकोन लावलेले बोर्ड आले की मला आधी तेवढा भाग कापून फेकावा लागतो.

पण कुठलाही गोंद घ्या, खरं काम पृष्ठभाग करतो. पॉलिइथिलीन फोमची वरची साय गुळगुळीत आणि बंद असते. तोच फोम कापला की उघडे पडलेले बारीक कप्पे दिसतात, आणि गोंद त्या कप्प्यांत शिरून पकड घेतो. रसायनाने न मिळणारी पकड अशी खाचाखोचांनी मिळवायची. म्हणून ताजी कापलेली कड सगळ्यात चांगली, ८० नंबरच्या सँडपेपरने घासलेला भाग त्याखालोखाल, आणि न घासलेली साय बाद. वॅक्स आधी प्लास्टिकच्या कार्डाने खरवडून काढा, मग साबणपाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात. हे अल्कोहोल थर्मोकोलला काही करत नाही. घासायच्या आधी वॅक्स काढायचं हे विसरू नका. उलट केलं तर वॅक्स त्याच कप्प्यांत घोटला जातो.

आता तुमचा पहिला खड्डा. धारदार कटरने त्याच्या फाटक्या कडा कापून एक स्वच्छ अंडाकृती करा. चौकोन नको, कोपरे आधी उचलतात. पातं आतल्या बाजूला किंचित तिरकं धरा म्हणजे कातडीचं तोंड वर रुंद, खाली अरुंद होईल. ठिगळ त्यात बुचासारखं बसतं आणि दाबलं की घट्ट होतं. आतले सुटे मणी चिमट्याने काढा. थर्मोकोलचा खळगा उथळ, म्हणजे पाच-सहा मिलिमीटरचा असेल तर इपॉक्सीत काचेच्या बारीक पोकळ गोळ्यांची भुकटी, मायक्रोबलून, कालवून दाट पीठ करा आणि भरा. भुकटी कालवताना मास्क लावा, ती फुप्फुसात जाऊन बसते. खळगा खोल असेल तर पॅकिंगमधल्या थर्मोकोलचा तुकडा त्या आकाराचा कापून पॉलियुरेथेन गोंदाने बसवा. हलका राहतो, आणि आजूबाजूच्या भागाइतकाच दबतो. नुसत्या इपॉक्सीचा भरीव गोळा केला तर मऊ बोर्डच्या मधोमध दगड बसवल्यासारखं होतं. पुढचा धक्का त्या दगडाच्या कडेला लागून कातडी तिथेच फाटते. भरण कातडीच्या तळापर्यंतच आणा, वर नको. चोवीस तास राहू द्या, मग हलकं घासा.

त्यावर कातडीचं ठिगळ. बंद कप्प्यांचा पॉलिइथिलीन किंवा ईव्हीए फोम घ्या. कॅम्पिंगची पातळ गुंडाळी गादी बहुतेकदा पॉलिइथिलीनची असते, आणि हस्तकलेसाठी मिळणारे रंगीत फोमचे तावही चालतात. मूळ कातडीइतकी जाडी हवी. आधी कागदावर छाप घ्या, त्यावरून ठिगळ भोकापेक्षा केसभर मोठं कापा, कडा तशाच तिरक्या. कोरडं बसवून पाहा, दोनदा पाहा. मग तळाला आणि कडेला एमएस पॉलिमरचा पातळ हात द्या, ठिगळ दाबून बसवा, बाहेर आलेला माल बोटाने सांध्यावर पसरवा आणि आसपास आधीच लावलेली मास्किंग टेप माल ओला असतानाच ओढून काढा. सुकल्यावर काढली तर कड फाटते. वर प्लास्टिकची पिशवी, तिच्यावर छोटी फळी, फळीवर दोन लिटर पाण्याची बाटली. दोन दिवस हात लावू नका.

पृष्ठभागावर नुसता नखाएवढा चरा असेल, मणी दिसत नसतील, तर एवढं सगळं करायची गरज नाही. चऱ्याचे ओठ घासून स्वच्छ करा, आत सीलंट घाला, मिटवा, टेपने बांधा. कमी तापमानाची हॉट ग्लू गनही इथे चालते. तिच्या कांड्या ईव्हीएच्या असतात आणि तो पदार्थ पॉलिइथिलीनच्या नात्यातला आहे, त्यामुळे बरा धरतो. नेहमीच्या जास्त तापणाऱ्या गनने मात्र कातडी आक्रसते. सोल्डरिंग आयर्नने चरा वितळवून जोडतात असं तुम्ही कुठे पाहिलं असेल. डेकवर ते करू नका. १९७१ मध्ये टॉम मोरी यांनी हवाईत पहिला बूगी बोर्ड पॉलिइथिलीन फोमचा केला तेव्हा त्याला आकार देताना घरातली कपड्यांची इस्त्री वापरली होती, त्यामुळे हा फोम उष्णतेला वश होतो हे खरं. पण आजच्या कातड्या बहुतेक क्रॉसलिंक केलेल्या असतात, म्हणजे त्यांच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. त्या तापून मऊ होतात, वाहत नाहीत. दोन ओठ एकजीव व्हायच्या ऐवजी कडेला काळी, कडक खपली येते आणि पुढच्या वाकण्यात तीच चिरते.

कडेचा सांधा हे तुमच्या बोर्डचं खरं दुखणं. खड्ड्यात पाणी साचतं. सांध्यात मात्र प्रत्येक लाट पाणी दाबून आत ढकलते, आणि एकदा पातं शिरावं तशी फट लांबत जाते. आज चार इंच आहे, तीन-चार वेळा पाण्यात गेलात की फूटभर झाली म्हणून समजा. म्हणून वेळ मर्यादित असेल तर आधी हे करा, खड्डा नंतर.

फट अलगद उघडा आणि तिच्यात लाकडाच्या काड्या तिरक्या खोचून उघडी धरून ठेवा. फट दोन्ही टोकांना जिथे संपते तिथे अर्धा इंच पुढपर्यंत कातडी बोटाने चाचपा. वरून घट्ट दिसते पण आतून सुटलेली असते. सुटली असेल तर तेवढी उघडा. आतली वाळू, जुना गोंद, सुटे मणी बारीक ब्रशने काढा. वाळूचा एक कण राहिला तरी तिथे बोगदा राहतो. सँडपेपरची पट्टी दुमडून फटीत घाला आणि दोन्ही बाजू खरवडा. खालच्या एचडीपीई पत्र्याला फोमसारखे कप्पेच नसतात, त्यामुळे नुसतं घासून त्याला जेमतेम पकड येते. कारखान्यात अशा प्लास्टिकवरून ज्योत झपकन फिरवतात; वरचा थर किंचित बदलतो आणि गोंद बसायला लागतो. फरक पाण्याच्या थेंबाने कळतो: आधी थेंब मोत्यासारखा गोल राहतो, नंतर पसरतो. घरी हे मी फक्त सुट्या तुकड्यावर करायला सांगेन, म्हणजे तळाला बाहेरून लावायचं एचडीपीईचं ठिगळ असेल तर त्यावर. बोर्डच्या उघड्या सांध्याजवळ ज्योत नेऊ नका. थर्मोकोल पेटतो, आणि नुकतंच लावलेलं अल्कोहोलही.

सांध्यासाठी पॉलियुरेथेन गोंद घ्या. सुईशिवाय इंजेक्शनची सिरिंज वापरा, तिच्यात गोंद भरून फटीच्या सगळ्यात आतल्या टोकापासून बाहेर येत जा. पातळ थर. काड्या काढा, सांधा मिटवा आणि बांधा. इथे बहुतेक जण टेप लावून सोडून देतात आणि गोंद फुगला की टेपसकट सांधा पुन्हा उघडतो. रुंद कापडी पट्ट्यांनी किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबने बोर्डला आडवे वेढे द्या, दर दोन इंचांवर एक, आणि पट्टी व सांधा यांच्या मध्ये फोमचा तुकडा ठेवा म्हणजे वळ उमटणार नाहीत. ट्यूब बोर्डला चिकटू नये म्हणून खाली प्लास्टिक घाला. पहिल्या तासात दोनदा येऊन बघा, बाहेर आलेला फेस तसाच राहू द्या. ओला असताना पुसला तर पसरतो, सुकल्यावर कटरने सरळ कापला जातो. दुसऱ्या दिवशी सांध्यावरून एमएस पॉलिमरची बोटभर रुंद पट्टी ओढा, दोन्ही बाजूंना एक-एक इंच पुढपर्यंत. पॉलियुरेथेन पकड देतो, पाणी अडवायचं काम या पट्टीचं.

फुगवट्याबद्दल सांगायला तसं थोडंच आहे, पण कारण आधी समजून घ्या, नाहीतर पुन्हा येईल. बंद गाडीत किंवा गाडीच्या टपावर भर उन्हात बोर्ड राहिला की आतली हवा फुगते. २५ अंशांवरून ६५ वर गेली तर आकारमान साधारण १३ टक्के वाढतं, बाहेर जायला वाट नसते, गोंदही उष्णतेने ढिला पडलेला असतो, आणि कातडी पोटापासून सुटते. त्यात आतलं पाणी असेल तर वाफेने आणखी जोर येतो. तळहातापेक्षा छोटा फुगवटा असेल आणि तुम्ही तिथे पाय ठेवत नसाल तर मी त्याला हातच लावत नाही. कातडी अखंड आहे, पाणी जात नाही. भोक पाडून मीच वाट करून देण्यात काय अर्थ? तुमचा शेपटीकडे आहे, म्हणजे मागचा पाय तिथेच येणार. त्यामुळे करावा लागेल.

फुगवट्याच्या एका कडेला गोंद घालायला आणि समोरच्या कडेला हवा जायला अशी दोन बारीक भोकं पाडा. सिरिंजने हळू चालणारी इपॉक्सी आत सोडा. इथे मी पॉलियुरेथेन टाळतो, कारण तो फुगून कातडी पुन्हा उचलतो. बोटाने दाबत गोंद सगळीकडे फिरवा, समोरच्या भोकातून थेंब आला की थांबा. जादा गोंद दाबत सरकवून बाहेर काढा, आत तळं राहता कामा नये. वर प्लास्टिक, त्यावर मऊ फोम, फळी आणि वजन. वजन पसरट असावं, पाच-सहा किलो पुरे. डंबेलसारखं एका जागी टेकणारं ठेवलं तर थर्मोकोल कायमचा दबतो. एक दिवसानंतर भोकांवर सीलंटचा ठिपका.

लीशची खाच आणि फिनचे स्क्रू साबणाच्या परीक्षेत गळके निघाले तर ते काम सोपं आहे. स्क्रू काढा, भोक सुकवा, वॉशरखाली एमएस पॉलिमरचं वळं घाला, हाताने घट्ट करा. पकडीने आवळू नका. मऊ बोर्डमध्ये स्क्रू पलीकडच्या प्लास्टिकच्या बुचात बसतो, आणि जास्त आवळला की ते बूच थर्मोकोलमध्ये रुतून दोन्हीकडची कातडी खेचली जाते. गळती तिथूनच सुरू होते.

लाटा चांगल्या आहेत आणि दुरुस्तीला वेळ नाही अशी वेळ आली तर कापडी डक्ट टेप एका दिवसापुरती चालते, जखम कोरडी आणि वॅक्सशिवाय असेल तर. परत आल्याबरोबर काढा. उन्हात राहिली की तिचा गोंद फोममध्ये मुरतो आणि मग खऱ्या दुरुस्तीला तीच जागा नडते.

एक गोष्ट मात्र दुरुस्तीच्या आधी तपासून घ्या, कारण ती निघाली तर वर लिहिलेलं सगळं व्यर्थ आहे. बोर्ड दोन टोकांवर टेकवा आणि मध्ये तळहाताने हलकं दाबा. दाबलेल्या जागी आडवी सुरकुती पडत असेल, करकर आवाज येत असेल किंवा एका बाजूला जास्त वाकत असेल, तर आतली लाकडी पट्टी तुटली आहे. ती ठिगळाने जुळत नाही. असा बोर्ड मोठ्या लाटेत मधून मोडतो, आणि मोडलेला भाग तुमच्याच अंगावर येतो. त्याला फेसात पोहणाऱ्या मुलांपासूनही लांब ठेवा.

पट्टी शाबूत असेल तर दुरुस्तीनंतर तीन दिवस थांबा, कोरड्या बोर्डचं वजन पुन्हा एकदा घ्या आणि ते बोर्डच्या तळाशी, फिनजवळ मार्करने लिहून ठेवा. पहिल्यांदा पाण्यात जाऊन आलात की बाहेरून पुसून, तासभर सावलीत ठेवून परत तोला. शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक असेल तर तो कातडीवरचा आणि वॅक्समधला ओलावा. अर्धा किलो वाढला तर एखादी फट राहिली आहे. साबणपाणी घेऊन पुन्हा कडेच्या सांध्यापासून सुरुवात करा, आणि या वेळी तुम्ही दुरुस्त केलेल्या चार इंचांच्या पुढे-मागेही बघा.